मदत हवी आहे: डायव्हमास्टरच्या पोहण्याच्या चाचणीत ४०० मीटरला दम पुरत नाही

नमस्कार मंडळी,

रेस्क्यू डायव्हर झाल्यावर आता पॅडीचा (स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था) डायव्हमास्टर कोर्स, म्हणजे इतर डायव्हर्सना पाण्यात नेण्याचं प्रशिक्षण, सुरू केला आहे. पाण्याखाली काही अडचण नाही. तरंग सांभाळणं, दिशा काढणं, हवा पुरवून वापरणं हे सगळं जमतं. घोडं अडलंय ते पाण्याच्या वर.

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगते. फिन्स (पायात घालायची पाती) वगैरे काहीही न लावता, न थांबता ४०० मीटर पोहायचं. १५ मिनिटं एका जागी उभं पोहत राहायचं आणि त्यातली शेवटची २ मिनिटं दोन्ही हात पाण्याबाहेर ठेवायचे. मास्क, स्नॉर्कल, फिन्स लावून, चेहरा पाण्यात ठेवून आणि हात न वापरता ८०० मीटर जायचं. दोघांच्याही अंगावर पूर्ण साहित्य असताना निपचित पडलेल्या डायव्हरला १०० मीटर ओढत न्यायचं. पाचवी चाचणी पाण्याखाली जोडीदाराशी साहित्य बदलण्याची असते, एकाच रेग्युलेटरवर (टाकीतली हवा तोंडात देणारं साधन) आळीपाळीने श्वास घेत. प्रत्येकीला १ ते ५ गुण, आणि एकूण किमान १५ लागतात.

माझी आजची स्थिती अशी आहे. ४०० मीटरला ११ मिनिटं २० सेकंद, म्हणजे २ गुण. उभं पोहताना १५ मिनिटं तरंगते, पण हात वर धरले की नाकातोंडात पाणी जातं, म्हणून ३. स्नॉर्कलचे ८०० मीटर १८ मिनिटांच्या आसपास, ३ गुण. ओढून नेण्याला ४ मिनिटं, तिथेही ३. साहित्य बदलणं अजून घ्यायचं आहे.

दमसास वाढावा म्हणून नियमित धावते. जमिनीवर फरक चांगलाच जाणवतो, पण तलावात १०० मीटर झाले की तसाच दम लागतो आणि पाय खाली जायला लागतात. फिन्स असताना हेच पाय कितीही वेळ चालतात. मग चुकतंय कुठे? ब्रेस्टस्ट्रोकवर जाऊ का? आणि मला नुसते १५ गुण गाठायचे नाहीत. उद्या माझ्या भरवशावर कोणी पाण्यात उतरणार असेल तर त्याला परत आणता आलंच पाहिजे.

प्रतिसाद १

ताई, मी पोहायला शिकवतो. डायव्हिंग करणाऱ्यांमध्ये हे नेहमी दिसतं, आणि बहुतेक वेळा प्रश्न दमसासाचा नसतो. उच्छ्वासाचा असतो.

रेग्युलेटरवर तुम्ही सावकाश आणि पूर्ण श्वास सोडता. फ्रीस्टाइलमध्ये मात्र चेहरा पाण्यात गेला की बरेच जण श्वास धरून ठेवतात, आणि तोंड बाहेर आल्यावर त्या अर्ध्या सेकंदात सोडणं आणि घेणं दोन्ही उरकू पाहतात. कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि छाती भरलेली असूनही गुदमरल्यासारखं होतं. धावून हे सुटणार नाही. चेहरा पाण्यात असेपर्यंत नाकातोंडातून बुडबुडे सतत सुटत राहिले पाहिजेत. तोंड बाहेर आलं की फक्त आत घ्यायचं.

दुसरं पायांचं. तुमच्या वर्णनावरून वाटतं की तुम्ही गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे पाय मारत असाल. फिन्स असल्या की पात्याचा आकार एवढा मोठा असतो की ही चूक झाकली जाते. उघड्या पावलांनी तीच लाथ ब्रेक लावते. मांडीपासून छोटी लाथ मारा, घोटे सैल, बोटं मागे. नजर समोर नको, थेट तळाकडे. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जाणारच.

आता हिशोब पाहा. ३ गुणांसाठी १० मिनिटं ५० सेकंदांच्या आत यायचं आहे. २५ मीटरच्या तलावात ४०० मीटर म्हणजे १६ लेंथ. तुम्हाला एका लेंथला साडेबेचाळीस सेकंद लागतात, हवेत साडेचाळीस. दोनच सेकंदांचं काम आहे. सलग ४०० रोज पोहू नका, त्याने चुकीची सवयच पक्की होते. ५० मीटर आठ वेळा, मध्ये २० सेकंद विश्रांती, आणि आठही वेळा तोच वेग. पहिले दोन जोरात आणि शेवटचे दोन कसेबसे असं होत असेल तर सुरुवात हळू करा.

ब्रेस्टस्ट्रोक चालतो, कुठलीही शैली आणि मिश्रणही चालतं. न थांबणं महत्त्वाचं.

प्रतिसाद २

मी इन्स्ट्रक्टर आहे. वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत, पण गुणांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. तुमचे चार चाचण्यांचे ११ होतात. साहित्य बदलण्यात किमान ३ लागतातच, पण ३ मिळाले तर एकूण १४, म्हणजे नापास. सगळ्यात स्वस्त गुण उभं पोहण्यात आहेत. शेवटची २ मिनिटं हात वर राहिले की ३ चे थेट ५. आणि नियमात हात म्हणजे पंजे, अख्खे दंड वर धरायची गरज नाही. कोपरं पाण्यातच ठेवा. जेवढं शरीर बाहेर, तेवढं वजन पायांवर.

पायांसाठी एग-बीटर शिका. खुर्चीत बसल्यासारख्या मांड्या वर, गुडघे बाहेर, आणि डावा-उजवा पाय आळीपाळीने गोल फिरवायचा. दोन्ही पाय एकदम मारले की दोन लाथांच्या मध्ये शरीर खाली जातं आणि तेव्हाच पाणी तोंडात शिरतं. आळीपाळीने मारल्यावर आधार तुटत नाही.

परत आणण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, कारण माझ्या मते पाचांपैकी खरी चाचणी ओढून नेण्याचीच आहे. तिथे ताकदीपेक्षा आडवं राहणं कामाला येतं. समोरच्याची बीसीडी (हवेने फुगणारं जॅकेट) पुरेशी फुगवा, पण स्वतःची गच्च फुगवू नका. गच्च फुगली की तुम्ही उभ्या होता आणि छातीने पाणी ढकलत बसता. त्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह धरा, हात सरळ ठेवा म्हणजे त्याची टाकी तुमच्या गुडघ्यांना लागणार नाही. फिन्सची टोकं पाण्याबाहेर फटफटत असतील तर तो सगळा जोर वाया. पाठीवर पोहताना जिथून निघालात तिथली एखादी खूण नजरेसमोर धरून ठेवा. नाहीतर १०० मीटरचे सव्वाशे होतात.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. आज तलावात तळाकडे बघून पोहले. पाय खरंच वर राहिले, पण श्वास सोडण्याची लय मध्येच तुटते. श्वास रोखून लेंथ मारायचा सराव केला तर उपयोग होईल का? आणि ओढण्याच्या सरावात पोटरीत गोळा येतो, त्याला काय करू?

प्रतिसाद २

श्वास रोखायचा सराव अजिबात नको, एकटीने तर कधीच नको. भराभर श्वास घेऊन मग पाण्याखाली लेंथ मारणारे चांगले पोहणारेसुद्धा बेशुद्ध पडून दगावले आहेत. भराभर श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो, आणि वर येण्याची ओढ लागण्याआधीच शुद्ध जाते. लय तुटते तिथे वेग कमी करा.

गोळ्यासाठी आधी फिन्स तपासा, फार कडक असतील तर पोटरीवर ताण येतो. गोळा आलाच तर फिनचं टोक धरून स्वतःकडे ओढा, गुडघा सरळ ठेवून.

आणि पोहताना खोकला, छातीत घरघर किंवा गुलाबीसर फेस असं काही आलं तर तो दम समजू नका, ताबडतोब बाहेर या आणि डॉक्टरकडे जा. डायव्हमास्टरला १२ महिन्यांच्या आतलं डॉक्टरांच्या सहीचं मेडिकल लागतंच, ते अजून झालं नसेल तर चाचणीचा जोर लावण्याआधी उरकून घ्या.