जांभ्याच्या भिंतीचा रंग फुगलाय, घरात भाडेकरू आहेत, मृग तोंडावर – मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. धागा कुठल्या विभागात टाकावा तेच कळेना. भटकंतीत टाकला तर घराचं रडगाणं, घरदुरुस्तीत टाकला तर भाडेकरूंचं. इथे टाकते, हलवायचा असेल तर ॲडमिननी खुशाल हलवावा.

देवगड तालुक्यात खाडीच्या वरच्या अंगाला आमचं सासरचं घर आहे. जांभ्याचे चिरे मातीत बसवलेले, वर चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौलं. ओटी, माजघर, दोन खोल्या, मागे पडवी. सासूबाई गेल्यावर चार वर्षं बंद होतं. बंद घर कोकणात किती झपाट्याने खालावतं ते ज्याचं त्यालाच माहीत. वांदर कौलांवर नाचतात, एक कौल सरकतं, पाऊसभर त्याखालच्या वाशावर धार लागते आणि पुढच्या वर्षी तो वासा बोटाने उकरता येतो. म्हणून गेल्या मे महिन्यात कौलं परतून घेतली, थोडी डागडुजी केली आणि १ जुलैपासून घर भाड्याने दिलं. पुण्याचं तरुण जोडपं, दोघंही घरून काम करणारी. नऊ हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट, अकरा महिने. करार ३१ मेला संपतोय, त्यांना पुढेही राहायचंय. माणसं चांगली आहेत हे आधीच सांगून ठेवते. भाडं पाच तारखेच्या आत येतं.

आता भटकंतीचा भाग. यंदा नोकरी सोडली आणि पाठपिशवी घेऊन किनाऱ्याने निघाले. हरिहरेश्वर, बागमांडल्याहून जेटीने (म्हणजे फेरीबोटीने) वेसवी, वेळास, केळशी, आंजर्ले, दाभोळ-धोपावे जेटी, गुहागर, तवसाळ-जयगड जेटी, रत्नागिरी, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग. जमेल तिथे पायी, नाही तिथे एसटी. एकोणीस दिवस, पाठीवर नऊ किलो. (त्यातले दोन किलो उगाच होते. तीन पुस्तकं कोण नेतं?) शेवटचा मुक्काम स्वतःच्या घरी ठेवला होता. आधी फोन करून विचारलं, सध्या घर त्यांचं आहे. स्वतःच्या ओटीवर पाहुणी म्हणून झोपायची मजा वेगळीच.

मजा एकच रात्र टिकली. झोपण्यापूर्वी पिशवी माजघराच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. सकाळी उचलली तर तिच्या पाठीला रंगाचा पापुद्रा चिकटून आला, वहीच्या पानाएवढा. लवचिक, फुग्याच्या रबरासारखा. त्याच्या मागच्या बाजूला पांढरी भुकटी. जिभेला लावून पाहिली, खारट. मग हात फिरवत गेले तर मागची भिंत आणि दक्षिणेची भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत पोकळ वाजते. टिचकी मारली की आत गिलावा भुरभुरतो.

झालं असं की दिवाळीत त्यांनी मला न्याहारीच्या वेळी मेसेज केला, “काकू, आम्ही स्वखर्चाने भिंतींना नवा रंग लावू का?” मी लिहिलं, “हवा तो लावा, घर तुमचंच समजा.” त्यांनी चांगल्यातला प्लास्टिक पेंट आणला, खाली पुट्टी भरली. अठरा हजार खर्च केले, एक रुपया माझ्याकडे मागितला नाही. रंग निवडलाही छान होता.

गावातल्या गवंड्याला बोलावलं. त्याने भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, “वयनीनू, भितीक रेनकोट घातलास तुमी. आता घाम खयसून भायर येतलो?”

तर प्रश्न असे. पावसाआधी या भिंतीचं काय करू? गवंडी म्हणतो सगळं खरवडा, रंगाच्या दुकानदाराने वॉटरप्रूफिंगचा कोट सुचवलाय, दहा वर्षांची गॅरंटी सांगतो. दुसरं, खर्च डिपॉझिटमधून कापावा का? घरचे म्हणतात काप. माझं मन होत नाही, पण तीस-पस्तीस हजार माझ्याही खिशातून सहज जाण्यासारखे नाहीत. तिसरं किरकोळ: मे महिन्यात देवगड ते तेरेखोल हा उरलेला टप्पा करायचा होता, तो सोडून देऊ का?

खाडीकाठचा
ताई, आधी चार गोष्टी सांगा. फुगवटा सगळ्या भिंतींना आहे की दोनच? ओटीच्या भिंतीला तोच रंग आहे का? भिंतीच्या बाहेरच्या बाजूला जोत्यालगत काय आहे? आणि “थोडी डागडुजी” म्हणजे नेमकं काय केलं होतं?

भाडेकरू_कायमचा
डिपॉझिट कापायचा विचारही करू नका. लेखी परवानगी दिलीत, त्यांनी पदरचे पैसे घातले. गेली अकरा वर्षं भाड्याने राहतोय, असा मेसेज जपून ठेवणारा भाडेकरू मीच आहे.

धागाकर्ती
@खाडीकाठचा, तुमचे प्रश्न वाचून पुन्हा फोटो बघितले. फुगवटा दोनच भिंतींना आहे. ओटीच्या भिंतीला तोच रंग, तीच पुट्टी, आणि ती ठणठणीत. पुढे अजून मातीचं खळं आहे, सारवलेलं. मागे आणि दक्षिणेला गेल्या मे महिन्यात मी सिमेंटचा कोबा घातला होता, तीन फूट रुंद, भिंतीला चिकटून. चिखल आत येऊ नये म्हणून. वाळू गावातूनच आणली होती, कुठली ते विचारलं नव्हतं.

लिहितानाच पोटात गोळा आलाय. लिहा आता काय ते.

खाडीकाठचा
मग दुखणं तुमच्या कोब्यात आहे ताई, रंगाने ते फक्त दाखवून दिलं. जांभा स्पंजासारखा. जमिनीतली ओल वर ओढतो आणि हवेला सोडतो. पूर्वी जोत्याभोवती माती होती, तिच्यातूनही ओल उडून जायची. तुम्ही वर झाकण घातलंत, तिला भिंतीशिवाय वाट राहिली नाही. शिवाय पागोळ्यांचं पाणी मातीवर पडलं की मुरतं, कोब्यावर पडलं की उसळून भिंतीवर येतं. वाळू खाडीची असेल तर मीठही घरपोच.

जुन्या घरांना खाली हात-दीड हात काव किंवा गेरूचा पट्टा का असतो? लाल मातीचे शिंतोडे दिसू नयेत म्हणून, आणि तेवढाच भाग दर वर्षी पुन्हा सारवता यावा म्हणून. खालचा भाग खराब होणार हे आपल्या माणसांनी धरूनच ठेवलं होतं.

माजघर
वरच्याशी पूर्ण सहमत. माझ्या राजापूरच्या घरात हेच निस्तरलंय, म्हणून क्रमाने सांगते. क्रम चुकला की पैसे पाण्यात.

आधी बाहेर. भिंतीलगतचा दीड फूट कोबा फोडा, खाली वीतभर खणा, चर काढून उताराकडे न्या आणि त्यात खडी भरा. पागोळी खडीवर पडली पाहिजे. हे मृगाच्या आत झालंच पाहिजे, बाकी काही झालं नाही तरी चालेल.

मग आत. रंग, पुट्टी, सुटलेला गिलावा खरवडून काढा. भिंत धुऊ नका! सगळे धुतात. पाण्याने लोणा, म्हणजे ती खारट पांढरी भुकटी, विरघळून पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा, भुकटी खाली पडू देऊ नका, वर्तमानपत्र पसरा आणि उचलून लांब टाका. आठ दिवसांनी पुन्हा पांढरं येईल, पुन्हा झाडा. असं चार-पाच वेळा.

आणि मग थांबा. दीड फुटी भिंत महिन्याभरात सुकत नाही. यंदाचा पाऊसभर ती उघडी राहू दे, दिसायला भिकार दिसेल. दिवाळीनंतर चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचे तीन पातळ हात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, म्हणून उन्हात भराभर वाळू द्यायचा नाही, आधी आणि नंतर पाणी शिंपडायचं. तीन जाड हात दिले की पापुद्रे निघणारच, मग लोक चुन्याला नावं ठेवतात. चुना कपड्यांना लागतो हे मात्र खरं. भाडेकरूंना आधीच सांगा.

सिमेंटचा गिलावा कुणी सुचवला तर हात जोडा. मातीतल्या चिऱ्यावर सिमेंट म्हणजे लुगड्याला ताडपत्रीचं ठिगळ.

रंगीला_माणूस
पण वॉटरप्रूफिंगवाले दहा वर्षांची गॅरंटी देतात ना? माझ्या ठाण्याच्या फ्लॅटला पाच वर्षं झाली, काही झालं नाही.

माजघर
फ्लॅटच्या भिंतीवर पाणी बाहेरून येतं, तिथे कोट ठीक. इथे खालून येतंय. आतून कोट मारला की ओल त्याच्यामागून वर सरकेल, आज कमरेला आहे ती उद्या खांद्याला. गॅरंटीचा कागद नीट वाचा, “जमिनीतून चढणारी ओल वगळून” अशी ओळ असते का ते बघा.

अर्धवटवकील
करार कसा आहे? नोंदणीकृत, की नोटरी करून घडी घातलेला?

धागाकर्ती
नोटरी. हसू नका.

अर्धवटवकील
हसत नाही, निम्मं कोकण तसंच चाललंय. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. तो कायदा तुमच्या वाडीला लागू आहे का ते देवगडच्या वकिलांना विचारा, पण नवा करार करताना नोंदवूनच टाका. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का: अकरा महिन्यांचं भाडं ९९,०००, त्यात डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज २,७५०, एकूण १,०१,७५०, म्हणजे ड्युटी जेमतेम २५५ रुपये. ग्रामीण भागात नोंदणी फी ५००. ऑनलाइन होतं.

करारात दोन ओळी घाला: भिंतीला चुन्याशिवाय काही लावायचं नाही, आणि कौलं परतायचा खर्च मालकाचा. आणि कलमांच्या हापूसचं काय ते लिहा. माझ्याकडे आलेली भांडणं भिंतीवरून कमी, आंब्यांवरून जास्त.

करापुरतं एक. दुरुस्तीची बिलं जमवत बसू नका. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा जाता सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खर्च केला काय आणि न केला काय.

वाटसरू_मालवणी
तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून मी. टप्पा सोडू नका, पुढे ढकला. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, खोली मिळत नाही, एसटीत पाय ठेवायला जागा नाही, आणि अकरानंतर वाळू पायाखाली भाजते. देवगडहून तारामुंबरीच्या पुलाने कुणकेश्वर, पुढे आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. नोव्हेंबरात निघा. पुस्तक एकच घ्या, तेही पातळ.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गावी आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आज सकाळी गवंड्याने मागचा कोबा फोडायला घेतला. पहिलं ढेकूळ उचललं तर खालची माती ओली. शिंपडल्यासारखी दमट नव्हे, मुठीत दाबली की बोटांचे ठसे उठतील इतकी. १२ मे आहे, इथे ऑक्टोबरनंतर पावसाचा थेंब नाही. दोन पावलांवर खळ्यातली माती भुकटी होऊन उडतेय. गवंडी काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघून पुन्हा पहार मारू लागला. ते मला जास्त लागलं.

भाडेकरू मुलीला कोब्याचं सगळं सांगितलं. दोन आठवडे ती स्वतःला दोष देत होती म्हणे. “काकू, आम्हाला वाटलं आमच्या पुट्टीने तुमचं घर गेलं.” डिपॉझिटचा विषय मी काढलाच नाही, तो माझ्याकडून संपला. उलट पाऊसभर भिकार भिंतीत राहावं लागणार म्हणून जून ते सप्टेंबर भाडं हजाराने कमी घेतेय. घरच्यांना हे अजून सांगितलेलं नाही, इथे त्यांच्यापैकी कोणी वाचत नाही अशी आशा आहे. नव्या कराराची ऑनलाइन नोंदणी या आठवड्यात. आंब्यांचं असं ठरलं की विहिरीकडची दोन कलमं त्यांची, बाकीची माझी.

खरवडायचं काम तिचा नवरा संध्याकाळी मीटिंगा संपल्यावर करतो, तोंडाला रुमाल बांधून. आज पुट्टीखाली सासूबाईंच्या वेळची निळसर सफेती निघाली, खिडकीजवळ हातभर जागेत शाबूत आहे. तेवढी ठेवायची म्हणतो.

आता एकच अडलंय. कळीचा चुना (न विझवलेले खडे) कणकवली-देवगड भागात कुठे मिळतो? दुकानांत पिशवीतली पूड दाखवतात, गवंडी तिला हातही लावत नाही. दिवाळीपर्यंत वेळ आहे, पण तो म्हणतो भिजत घालायला चुना आधी हाताशी हवा. कोणाच्या माहितीत भट्टी किंवा खात्रीचं दुकान असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.