परदेशातली दिवाळी: तुमचे अनुभव लिहा

मुसाफिर
शेजाऱ्यांनी आज पायरीवर भोपळे मांडले आणि २०२४ चं लक्ष्मीपूजन आठवलं. तिकडे पंचांगात १ नोव्हेंबर, पण आमच्या न्यू जर्सीत अमावस्येची संध्याकाळ ३१ ऑक्टोबरलाच येत होती. नेमकं हॅलोविन! इकडे आरती सुरू, तिकडे दारावरची बेल थांबेना. नवरा हातातली घंटी तशीच घेऊन दार उघडायला धावत होता. एक चिमुकला सांगाडा आत डोकावला, समईकडे टकामका बघितलं आणि चॉकलेट सोडून ताटातला बत्तासा मागितला. सासूबाई तिकडे पहाटे साडेतीनला उठून व्हिडिओवर बसलेल्या. म्हणाल्या, "लक्ष्मीच्या आधी ही कोणाची वरात आली गं?"
तुम्ही काय काय केलंत ते लिहा. रडगाणंही चालेल.

घारी
सासूबाईंना दंडवत 😄
आम्ही म्युनिकला. फटाके वर्षअखेरीलाच विकतात, त्यामुळे पोराला वाटतं दिवाळी डिसेंबरात संपते. फुलबाज्या तेवढ्या वर्षभर मिळतात. किल्ला बाल्कनीत, खोक्यांचा. मावळे लेगोचे, त्यातला एक अंतराळवीर आहे. बुरुजावर उभा केलाय, टेहळणीला.

कैरी
अभ्यंगस्नानाबद्दल कोणी बोलतच नाहीये! शॉवरखाली उटणं अंगाला लागायच्या आत वाहून जातं. शेवटी रंगाच्या दुकानातून बादली आणली. कारीट कुठून मिळणार? चेरी टोमॅटो घेतला. अंगठ्याखाली फोडला तर बिया थेट आरशावर. नरकासुराला लागलं असावं.
बाकी, माझ्या चकल्या तेलात विरघळतात. काय करू? आत्ता कढई गॅसवर आहे.

घारी
मोहन जास्त झालंय. थोडी कोरडी भाजणी घालून परत मळ.

उंबरठा
त्याच वर्षीची आमची भाऊबीज. ३ नोव्हेंबर, अमेरिकेत घड्याळं मागे गेली तो रविवार. आमचे सकाळचे आठ म्हणजे ताईचे साडेपाच, हे ठरलेलं. त्या दिवशी साडेसहा झाले. ती निरांजन लावून तासभर फोनसमोर. वर मलाच, "तुमच्याकडे वेळसुद्धा एका जागी राहत नाही." ओवाळणी खात्यात टाकली तर म्हणे ताट रिकामंच. आता ती आपल्याच पर्समधून नोट काढते, भाच्याला माझ्या वतीने ताटात टाकायला लावते आणि मग परत पर्समध्ये ठेवते.

मुसाफिर
ताई भारी 😂

क्वीन्सकर
न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांना त्या १ नोव्हेंबरला पहिल्यांदाच दिवाळीची सुट्टी मिळाली. पोरं भुताच्या रंगासकट झोपली. सकाळी उटण्याने तोच आधी काढावा लागला.

सिंगापुरी
आम्हाला सुट्टी असते बरं का! (टेंभा मिरवून घेते.) एकच दिवस, पण असते. लिटल इंडियात रोषणाई बघायची, गर्दीत चेंगरायचं, घरी यायचं. बाकी दिवस ऑफिस. पाडव्याला नवऱ्याला ओवाळलं तेव्हा त्याची मीटिंग चालू होती, कॅमेरा बंद करायचा राहिला.

निनावी
बाबा गेले त्या वर्षी मी इथे एकटी. पहिल्या वर्षी घरात तळण करत नाहीत, लोक फराळ आणून देतात. इथे कोण देणार, म्हणून मी दिवाळी आहे हेच डोक्यातून काढून टाकलं होतं. ऑफिसातल्या तेलुगू मैत्रिणीने काही न बोलता डबा ठेवला. अरिसेलु होते, आपल्या अनारशाच्या जातीचे, तांदूळ आणि गूळ. मीटिंगला उशिरा गेले त्या दिवशी.

उंबरठा
तुम्हाला घट्ट मिठी. त्या मैत्रिणीलाही.

सिंगापुरी
निनावी, या वर्षी फराळ पाठवू का? खरंच विचारतेय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कैरी
विरघळायच्या थांबल्या! पण आता इतक्या कडक झाल्यात की नवरा म्हणतोय पुढच्या वर्षी किल्ल्याचा तट यांचाच बांधू.

घारी
पाणी गरम घेतलं होतंस का?

कैरी
गरम घ्यायचं असतं??