शब्दचर्चा : 'रिस्पॉन्सिव्ह' संकेतस्थळाला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरी : एका पतसंस्थेच्या संकेतस्थळाच्या निविदेचं मराठी करतेय. त्यात 'संकेतस्थळ रिस्पॉन्सिव्ह असावे' अशी अट आहे. मोबाइल असो, टॅब असो की ऑफिसातला मोठा मॉनिटर, पान त्यात नीट बसलं पाहिजे, हा अर्थ. बऱ्याच ठिकाणी 'प्रतिसादात्मक' किंवा 'प्रतिसादक्षम' दिसतं. दोन्ही खटकतात, पण दुसरं काही सुचत नाहीये.

मोरपंखी : खटकणारच! मराठी संस्थळांवर प्रतिसाद म्हणजे लेखाखालची कॉमेंट. 'प्रतिसादात्मक' वाचून संचालक मंडळ विचारेल, सभासदांनी तिथे तक्रारी लिहायच्या का?

चौकट : मूळ शब्द आला कुठून ते पाहिलं की गोंधळ कळतो. ईथन मार्कोट या डिझायनरने २५ मे २०१० रोजी 'अ लिस्ट अपार्ट' या वेब डिझाइनवरच्या ऑनलाइन नियतकालिकात लिहिलेल्या लेखातून हा शब्द रूढ झाला, आणि त्याने तो उचलला वास्तुकलेतून. माणसं जवळ आली की वाकणाऱ्या भिंती, खोलीत ठरावीक गर्दी झाली की अपारदर्शक होणारी काच, असे प्रयोग तिथे चालले होते. म्हणजे जागा माणसाला 'प्रतिसाद' देते. वेबवर आल्यावर मात्र त्याने सांगितलेल्या गोष्टी तीनच आणि अगदी रोखठोक : रुंदी टक्क्यांत मोजणारी लवचीक जाळी, चौकटीबाहेर न जाणारी चित्रं, आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम बदलणाऱ्या मीडिया क्वेरी. यात संवाद वगैरे काही नाही. बदलते ती मांडणी. म्हणून विशेषण संकेतस्थळाला न लावता मांडणीला लावा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

माझं मत 'पडदानुसारी मांडणी'ला.

शुद्धमती : पडदा फारसी, अनुसारी संस्कृत. हा संधी कुठला?

चौकट : 'जिल्हाधिकारी'तला.

मोरपंखी : 😄

शुद्धमती : बरं, मानलं. पण मग 'अनुकूल' का नको? 'पटलानुकूल' कानालाही बरं वाटतं.

कोडवाला : 'अनुकूल' राखून ठेवा, ते अ‍ॅडॅप्टिव्हसाठी लागेल. आमच्याकडे दोन्ही शब्द रोज वापरात आहेत. अ‍ॅडॅप्टिव्ह म्हणजे ठरावीक रुंदीच्या तीन-चार मांडण्या आधीच करून ठेवायच्या आणि त्यातली जवळची द्यायची. रिस्पॉन्सिव्हमध्ये मधल्या प्रत्येक रुंदीला पान आपसूक जुळतं. तयार परकर-पोलका आणि नऊवारी, इतका फरक. निविदेत दोन्हींना एकच शब्द वापरलात तर ठेकेदार तीन मापं करून हात झटकेल.

शिवाय 'अ‍ॅप रिस्पॉन्सिव्ह नाही' असं आम्ही म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते हँग होतंय असा अर्थ असतो. प्रतिसादक्षम हा शब्द खरं तर त्या जागी शोभतो.

भाषांतरी : हे उपयोगी आहे. 'मोबाइलस्नेही' चालेल का?

कोडवाला : नको. वेगळी मोबाइल आवृत्तीही मोबाइलस्नेही असते. पूर्वी पत्त्याच्या आधी 'एम' लावून दुसरीच साइट उघडायची, आठवतंय? डेस्कटॉपवर कुणी ती लिंक पाठवली की भल्यामोठ्या पडद्यावर बोटभर मजकूर.

अक्षरजुळणी : शब्द कोणताही घ्या, पण मराठी मजकुराची अट वेगळी घाला, कळकळीने सांगते. बहुतेक तयार साचे रोमन लिपी समोर ठेवून बनवलेले असतात. बटणाची उंची ठरावीक पिक्सेलमध्ये बांधलेली आणि बाहेर जाईल ते कापायचं असा नियम असला, की अरुंद पडद्यावर पहिला बळी उकाराचा. एका साइटवर 'मुदत ठेव'चं 'मदत ठेव' झालेलं मी पाहिलंय. वर रफार आणि अनुस्वारही अर्धे. ओळीची उंची वाढवली आणि बटणाला नुसती किमान उंची दिली की काम होतं, पण कुणी सांगितल्याशिवाय करत नाहीत. आणि 'कर्जपरतफेडीचे' एवढा लांब शब्द मोठ्या अक्षरांच्या मथळ्यात टाकला की छोट्या फोनवर उजवीकडून बाहेर. तो कुठे तोडायचा हे ब्राउझरला आपण सांगावं लागतं.

शुद्धमती : मदत ठेव! 'पडदानुसारी'ला माझा विरोध मागे.

भाषांतरी : म्हणजे 'संकेतस्थळाची मांडणी पडदानुसारी असावी'. पण संस्थेच्या सचिवांना हे कळेल का?

चौकट : पहिल्यांदा कळणार नाहीच. म्हणून व्याख्येच्या कलमात एकदा 'पडदानुसारी (रिस्पॉन्सिव्ह)' द्या, आणि अटीत विशेषणावर विसंबू नका, क्रियापद वापरा : 'पडद्याच्या रुंदीनुसार पानाची मांडणी आपोआप बदलली पाहिजे.'

कोडवाला : त्याला आकडा जोडा, नाहीतर तपासणार कसं? संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून वेब सुलभतेचे जे निकष आहेत, त्यांच्या २०१८च्या आवृत्तीत, म्हणजे डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, ३२० पिक्सेलचं माप आहे. 'रुंदी ३२० पिक्सेल असतानाही मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे' असं लिहा. हे फोनपुरतं नाही. १२८० पिक्सेलच्या पडद्यावर कुणी पान ४०० टक्के मोठं केलं तरी उरतात ३२०च. पतसंस्थेत ज्येष्ठ सभासद असणारच.

भाषांतरी : आणि व्याजदराचा तक्ता? सात रकाने आहेत.

कोडवाला : तक्त्यांना त्या निकषात सूट आहे. 'तक्ते वगळून' हे शब्द घाला, आणि पुढच्या ओळीत : 'तक्ता आपल्या चौकटीतच आडवा सरकावा, सोबत पूर्ण पान सरकू नये.'