अल्फ्रिस्टनचे पाद्र्याचे घर : दुरुस्ती की मध्ययुगाचा देखावा?

धागाकर्ता : इंग्लंडच्या ईस्ट ससेक्समधील अल्फ्रिस्टन गावात, सेंट अँड्र्यूज चर्चजवळ, चौदाव्या शतकातले ओकच्या सांगाड्याचे आणि शाकारलेल्या छपराचे पाद्र्याचे घर आहे. १८९६ मध्ये ऐतिहासिक वास्तू व निसर्गस्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ते १० पौंडांना विकत घेतले. संस्थेने घेतलेली ही पहिलीच इमारत. खरेदीबद्दल माझी तक्रार नाही. मात्र पुढे मजुरांची बिऱ्हाडे झालेल्या या घरात त्यांचा संसार पुसून मध्ययुगीन दालन तेवढे मिरवले जाते, हे मला पटत नाही.

प्रतिसाद १ : असहमत. या वीलडन (आग्नेय इंग्लंडमधील वील्ड भागातल्या) पद्धतीच्या घराचे मर्मच त्या दालनात आहे. मधला भाग जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा असतो आणि दोन्ही टोकांना दुमजली खोल्या असतात. त्यांचे वरचे मजले खालच्या भिंतीपुढे आलेले असल्याने दालन आत सरकल्यासारखे दिसते, पण छप्पर सलग एकच असते, म्हणून दालनासमोरची वळचण तोलण्यासाठी वक्र टेकू द्यावे लागतात. दालनात मजला घातला की सुताराची ही सगळी अक्कल झाकली जाते.

प्रतिसाद २ : आणि याला देखावा कसे म्हणावे? जमीन खडूचा चुरा धुमसून केलेली आहे आणि तिच्यावर आंबलेल्या दुधाचा हात दिलेला आहे. आपल्याकडच्या सारवणाचीच ही जातकुळी. कुडाच्या भिंती पाहून कोकणातल्या माणसाला तर मुळीच परके वाटणार नाही.

धागाकर्ता : कारागिरी मान्य आहे. पण ज्या प्राचीन वास्तू संरक्षण संस्थेकडे गावच्या पाद्र्याने मदत मागितली, ती कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये काढली तीच मुळी जीर्णोद्धाराच्या नावाखाली नंतरचे थर खरवडण्याच्या विरोधात. शिवाय ट्रस्टच्या संस्थापक ऑक्टेव्हिया हिल यांनी लंडनमधील गरिबांच्या घरांसाठी हयात घालवली. त्यांच्याच संस्थेच्या पहिल्या घरात मजुरांना जागा नसावी?

प्रतिसाद १ : जागा जरूर द्यावी, पण टोकाच्या खोल्यांत. तिथे मजला मुळापासूनच आहे, त्यामुळे सांगाडा झाकावा लागणार नाही.

धागाकर्ता : म्हणजे पुन्हा कोपऱ्यातच. माझा विरोध कायम आहे.