तिथी, वारा आणि गरी: कोकणात मासेमारीचा दिवस तुम्ही कसा ठरवता? (अनुभव धागा)

कॅलेंडरमध्ये लाल रंगाचा रविवार सगळेच बघतात. गरवणारा, म्हणजे गळाने मासे धरणारा माणूस त्याच चौकोनातली बारीक अक्षरातली तिथी आधी बघतो. पण तिथी एकच असली तरी प्रत्येकाचा हिशोब वेगळा असतो असं मला दिसलंय. म्हणून हा धागा.

किनाऱ्यावरून, खडकावरून, खाडीत किंवा होडीतून, गळाने किंवा जाळ्याने, कसंही करत असाल तरी लिहा. निघायच्या आधी सगळ्यात पहिलं काय बघता? कोणता महिना तुमचा, कोणता अजिबात नाही? आणि सगळी तयारी झाल्यावरही बेत रद्द करायला लावणारी गोष्ट कोणती? जागेचं नाव सांगायची सक्ती नाही. गरवणारा एक वेळ पगार सांगेल, जागा सांगणार नाही, हे माहीत आहे.

सुरुवात माझ्यापासून. मी रायगडच्या किनाऱ्यावर, रॉड आणि रीळवाला. मला सूर्य मावळताना चढतं पाणी लागतं. अमावस्या-पौर्णिमेला आमच्याकडे भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाला ठणठणीत सुकती, पूर्ण ओहोटी. ऐन वेळेला समोर चिखल. त्यामुळे मी नवमी ते द्वादशी हे दिवस धरतो. तेव्हा पूर्ण भरती साधारण पावणेसात ते नऊच्या दरम्यान येते आणि तिन्हीसांजेला पाणी जोरात आत येत असतं. ऑक्टोबर संपता संपता पाणी निवळलं की माझा मोसम सुरू.

खाडीकाठ

तुमचं गणित बरोबर आहे. नवीन लोकांसाठी आमच्या आजोबांची रीत लिहितो. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. रोज पाऊण तास पुढे सरकायचं. खरा फरक साधारण पन्नास मिनिटांचा असतो, पण पन्नासाने गुणत कोण बसतो! तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की हिशोब थोडा हलतो. मुंबईकडे भरती यापेक्षा जरा उशिरा येते, दक्षिणेकडे लवकर. अर्ध्या तासाची ढिलाई ठेवली तर कुठे अडत नाही.

मात्र खाडीत राहणाऱ्याला आणखी एक हिशोब लागतो. ही वेळ खाडीच्या तोंडाची. जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं. आमच्या धक्क्यावर पाणी अजून चढत असतं तेव्हा तोंडाशी ते उतरायला लागलेलं असतं. ॲपमध्ये जवळच्या बंदराची वेळ बघून येणारे लोक इथे हमखास लवकर येऊन चहा पीत बसतात.

माझं आवडतं पाणी उतरतं. खाजणातून, कांदळवनाच्या मुळांतून बारीक कोळंबी आणि बोयटाची पिल्लं पाण्याबरोबर बाहेर यायला लागतात. जिथे छोटा ओहोळ मुख्य खाडीला मिळतो तिथे जिताडा तोंड वासून उभा असतो. पाण्याचा रंग दोन तऱ्हेचा दिसतो, ओहोळाचं गढूळ आणि खाडीचं हिरवट. त्या दोन रंगांच्या रेघेवर जिवंत कोळंबी सोडायची. रेघेच्या आत नाही, बाहेर नाही. जिताडा घेतो तेव्हा "टप्प" असा आवाज येतो, जाड लाकडी दार आपटावं तसा. ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको.

दर्यापोर

आमचं घर डोल जाळ्याचं, पालघर जिल्ह्यातलं. इथे सगळे गळवाले दिसताहेत, त्यामुळे आमची बाजू सांगते. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं. समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधायचं, तोंड प्रवाहाकडे. आपण मासळीच्या मागे जात नाही, पाणी मासळी आणून घालतं. म्हणून आम्हाला जोराचं पाणी लागतं. अमावस्या आणि पौर्णिमेच्या पुढचे-मागचे दिवस, म्हणजे उधाण, ही कमाई. अष्टमीच्या आसपास भांग लागला की पाणी मेलेलं असतं, जाळं नीट फुगतच नाही. भांगाच्या दिवसांत बाबा जाळी शिवतात, लग्नाच्या बोलण्या करतात, डॉक्टरकडे जातात. आमच्या घरात कुणालाही वेळ विचारली की उत्तर "भांगात बघू" असंच येतं.

धागालेखकाचे लाडके दिवस नेमके आमच्या भांगातले किंवा त्यातून जेमतेम बाहेर पडतानाचे आहेत, हे वाचून बाबा हसले.

मोसमाचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. मग नारळी पौर्णिमेला नारळ सोडायचा. बंदी उठली तरी दर्या शांत होईलच असं नाही. नारळी पौर्णिमा उशिरा आली तर लवकर निघालेले आणि थांबलेले असे दोन गट पडतात आणि बंदरावर वाद रंगतात. बोंबील सुकवायच्या वलांड्या खऱ्या अर्थाने भरतात त्या पाऊस पूर्ण गेल्यावर.

वाऱ्याची_दिशा

मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे भरती-ओहोटीचा चढउतार मुंबईच्या मानाने बराच कमी, त्यामुळे तिथीवर एवढा जीव टाकत नाही. आम्ही वारा बघतो. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, थंड आणि कोरडा. त्यात पाणी कसं तेल ओतल्यासारखं सपाट. दुपारी अकरा-बाराला खारा वारा सुटला की लाटांना दात येतात. मार्च ते मे तर दुपारनंतर वायव्येचा वारा असा लागतो की फेकलेली गरी परत पायाशी येते. त्यामुळे त्या महिन्यांत पहाटे गरवूक जायचं, नऊला घरी, दहाला झोप.

रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, आजही पहाटे टेकाडावर उभं राहून पाण्याचा रंग बघतात. बांगड्याचा थवा आला की पाण्यावर काळसर सावली सरकते आणि वर पक्षी. अंधाऱ्या पक्षात रात्री हाच थवा पाण्यातल्या चमचमीवरून ओळखू येतो. चांदण्यात ती चमक दिसत नाही, उलट मासळीला जाळं दिसतं. त्यामुळे पौर्णिमेला आमच्याकडे जाळेवाल्यांची तोंडं उतरलेली असतात. भांग, उधाण यापेक्षा इथे उजेड-अंधार जास्त बोलला जातो.

नुसता_वाचक

अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, हे कितपत खरं? आमच्या सासुरवाडीला यावरून दर महिन्याला वाद.

खाडीकाठ

@नुसता_वाचक, सगळं गाव मानतं, मीही बाजारात जाताना मानतो. पण चिंबोरी कात टाकते तेव्हा काही दिवस आत नुसतं पाणी असतं, मग तिथी कोणतीही असो. उलटी करून पोटाकडचं कवच पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबा. दबलं तर ठेवून द्या. दगडासारखं लागलं तर घ्या. सासऱ्यांसमोर मात्र तिथीच सांगा.

कालववाली

मासे नाहीत, पण याच हिशोबावर आमचाही दिवस चालतो म्हणून लिहिते. रत्नागिरीकडे आई-काकूंबरोबर कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जायचे. अमावस्या-पौर्णिमेच्या दिवसापेक्षा बीजेला, तीजेला पाणी जास्त खाली जातं, हे आईला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. एरवी न दिसणारा खडकांचा शेवटचा पट्टा त्या दिवशी उघडा पडतो, आणि मोठी कालवं तिथेच. सकाळी सातच्या सुमाराला सुकती, म्हणजे स्वयंपाक उरकून पाच-साडेपाचला निघायचं, पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे जायचं. पाणी वळलं की काकू उभी राहून पदर खोचायची. तो इशारा. टोपलीत काय आहे ते बघत बसायचं नाही, चालू लागायचं.

कारण पहिल्या तासात पाणी हळू चढतं आणि वाटतं, भरपूर वेळ आहे. तिसऱ्या-चौथ्या तासात ते धावतं. पावसाळ्यात आम्ही कालवांना हात लावत नाही, पण भाद्रपद सरला की पुन्हा सुरू.

खडकाळ

ताईंनी लिहिलेलं खडकावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावं. सहा तासांच्या चढत्या पाण्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी येतं. मी तांबोशी आणि गोबरा या माशांसाठी अशा खडकावर जातो जिथे मागे वाळूची खोलगट पट्टी आहे. समोर लाटा फुटत असतात, सगळं लक्ष तिकडे, आणि समुद्र शांतपणे मागून ती पट्टी भरतो. जाताना घोट्याएवढं पाणी, दीड तासाने कमरेएवढं, आणि तेही ओढीचं. त्यामुळे मासा लागो न लागो, दुसरा तास लागल्याचा गजर झाला की दोरा गुंडाळायचा.

माझा बेत रद्द होतो तो लाटांच्या अंतरावरून. वारा शून्य, आकाश निळं, आणि तरी पंधरा-सोळा सेकंदांनी एकेक लांबलचक लाट येत असेल तर मी खडकावर पाय ठेवत नाही. ही लाट इथल्या वाऱ्याची नसते, दक्षिणेकडच्या दूरच्या महासागरात वादळ झालेलं असतं आणि ती कित्येक दिवस प्रवास करून येते. मधे दहा मिनिटं सगळं शांत, मग एकदम तीन-चार मोठ्या. खडक जिथपर्यंत ओला आणि शेवाळलेला आहे तिथपर्यंत लाट येतेच, हे समजून उभं राहायचं. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या संस्थेच्या अंदाजात लाटेची उंची आणि कालावधी दोन्ही असतात. लोक उंची बघतात, कालावधी सोडून देतात.

दर्यापोर

हवामानावरून एक. बाबा आता रोज हवामान खात्याचा इशारा बघतात, पण पूर्वी बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी हवामानाच्या इशाऱ्याची खूण) लागला की कळायचं. खोल समुद्रात गेलेल्याला तो दिसणार कसा? ११ नोव्हेंबर २००९ चं फयान चक्रीवादळ आमच्याकडे अजून तारखेनिशी सांगतात. नोव्हेंबर म्हणजे मोसम ऐन भरात, होड्या लांब गेलेल्या. पाऊस संपला म्हणजे वादळं संपली असं धरणारा माणूस किनाऱ्यावरचा नव्हे. मे-जून जसा वादळाचा, तसाच ऑक्टोबर-नोव्हेंबर.

धागालेखक

@खडकाळ, कालावधीचा मुद्दा फारच उपयोगी. खाडीच्या तोंडाशी छोटी होडी नेणाऱ्यांसाठी मीही एक भर घालतो. दुपारी समुद्राकडून जोराचा वारा आत येतोय आणि त्याच वेळी ओहोटीचं पाणी बाहेर पडतंय, अशी वेळ टाळा. दोघं समोरासमोर आले की तोंडाशी उभ्या, तोकड्या लाटा उठतात. तासाभरापूर्वी गुळगुळीत असलेली जागा ओळखू येत नाही. बाहेर जाताना सकाळची ओहोटी चांगली, पण परत येताना चढतं पाणी मिळेल असा दिवस काढावा.

नुसता_वाचक

वलगणीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?

खाडीकाठ

मुद्दामच. पहिला जोरदार पाऊस झाला की अंडी भरलेली मासळी ओढ्यांतून शेतांकडे चढते, आणि अख्खं गाव बॅटऱ्या, टोपल्या घेऊन बांधावर. लहानपणी मीही नाचलोय. आता पोटात गाभोळी असलेला मासा मी सोडतो. लोक हसतात, हसू देत. ज्यांना न्यायचे त्यांनी चार न्यावेत, पोतं भरू नये एवढंच.

गणपतीला_गावी

मस्त धागा. माझी अडचण: वर्षातून हक्काची सुट्टी फक्त गणपतीत, गाव अलिबागच्या खाली, गणपती सात दिवसांचा. कधी गरवायला जाऊ?

खाडीकाठ

घरात गणपती असताना गरी हातात घेतलीस तर आजी तुलाच आमिष लावेल. तेव्हा विसर्जनानंतरचाच दिवस. चतुर्थीपासून सातवा दिवस म्हणजे दशमी, त्या संध्याकाळी विसर्जन. दुसरा दिवस एकादशी, म्हणजे पूर्ण भरती सव्वाआठ-साडेआठला. पाणी अडीचच्या पुढे चढायला लागेल, साडेचार ते साडेसहा जोरात. खाडीच्या वळणावर पाचला उभा राहा. खुल्या किनाऱ्यावर जाऊ नकोस, भाद्रपदात लाटा अजून पावसाळ्यातल्याच असतात. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर खाडीत लाल पाणी उतरेल. त्यात रपाला वगैरे नकली मासे मासळीला दिसणार नाहीत, वासाची कोळंबी लाव, शिंगाळा तरी मिळेल.

गणपतीला_गावी

एकादशी! घरात उपास आहे, मासा आणला तरी शिजवणार कोण?

दर्यापोर

द्वादशीला जा. पाऊण तास उशिरा.