मदत हवी आहे: निरोप घेतानाचा जर्मन 'च्यूस' नेमका कुठून आला?

जर्मनच्या वर्गात परवा दहा मिनिटं बोलायचंय, विषय युरोपातली अभिवादनं. शब्दांचे दोन ढीग केलेत.

पहिला 'मी तुमचा दास' वाल्यांचा. इटालियन 'चाओ' मूळचा व्हेनिसचा 'स्च्यावो', म्हणजे गुलाम. बव्हेरिया-ऑस्ट्रियातला 'सेर्वुस' हा लॅटिनमधला सरळसरळ गुलाम, हंगेरीत त्याचाच 'सेर्वुस' आणि पुढे झिजून 'सिया'. स्वीडिश 'शेना' सुद्धा 'सेवक'वरून. (आपणही पत्राखाली 'आपला नम्र सेवक' लिहायचोच की!)

दुसरा ढीग देवाचा: फ्रेंच 'आद्यू', स्पॅनिश 'आदिओस', पोर्तुगीज 'आदेउश', बव्हेरियातलं 'ग्र्यूस गॉट'. इंग्रजी 'गुडबाय'ही इथलाच, कारण तो 'गॉड बी विथ यू'चा आक्रसलेला अवतार.

'च्यूस'ही याच ढिगातला, आधीचं रूप 'आद्ज्यूस', इथपर्यंत पोचले. अडलंय पुढे. एका ठिकाणी वाचलं की खलाशांनी स्पॅनिश 'आदिओस' उत्तर जर्मनीत आणला, तर दुसरीकडे 'आद्यू'च्या बेल्जियमकडच्या वालून बोलीतल्या रूपाकडे बोट दाखवलेलं. दोन्हीकडे पुरावा म्हणून एकही जुनं वाक्य नाही. एआयला विचारून झालं, तो दर वेळी वेगळं आणि तितक्याच ठामपणे सांगतो.

उच्चार किंवा शब्दाचा अर्थ नकोय, ते जमलंय. जर्मन बी १ (म्हणजे मधल्या पातळी) पर्यंतच येतं, त्यामुळे जाडजूड जर्मन ग्रंथाचं नुसतं नाव दिलंत तर माझा उपयोग शून्य.

यातली कुठली व्युत्पत्ती जास्त ग्राह्य धरतात, आणि कशाच्या आधारावर?