मदत हवी आहे : मिनोल्टा ७००० एएफला घरातल्या उजेडात चालेल अशी लेन्स कोणती?

मंडळी, काका १९८६ साली मस्कतहून सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी हा कॅमेरा आणला होता. गेल्या महिन्यात तो त्यांनी माझ्या हाती दिला. रिमोटला लागतात तसे चार बारीक सेल घातले आणि गडी लगेच जागा झाला. सोबत ३५-७० एफ ४ झूम लेन्स आहे (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून प्रकाश जास्त). उन्हात काढलेला पहिला रोल सुरेख आला.

अडचण घरात आहे. यंदा गणपतीला काका चिपळूणला येणार आहेत आणि आरतीचे फोटो मला त्यांच्याच कॅमेऱ्यावर, फ्लॅश न मारता काढायचे आहेत. माजघरात ४०० च्या फिल्मवर एफ ४ ला कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर १/१५ सेकंद दाखवतो. तेवढ्या वेळात आरतीचं ताट हलणारच. त्यात मला चाळिशी लागलेली, हाताने फोकस जमत नाही. ऑटोफोकस हवाच.

म्हणून एका विक्रेत्याकडून सोनीची ५० एफ १.८ डीटी एसएएम घेतली. "ए माउंटचं सगळं चालतं," असं तो म्हणाला. (ए माउंट म्हणजे या कॅमेऱ्याची लेन्स बसवायची जोडणी.) मलाही पटलं, कारण २००६ मध्ये हा कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोनीकडे गेला तरी माउंट तोच राहिला. लेन्स बसली, मीटर चालला, फोकस मात्र जागचा हलेना. नंतर समजलं की ७००० ची मोटर बॉडीत असते आणि एका बारीक दांडीने लेन्स फिरवते. एसएएमची मोटर लेन्समध्येच असते, आणि १९८५ च्या या मॉडेलला ती चालवता येत नाही. वर फोटोंचे कोपरे काळे आले, कारण डीटी लेन्स लहान सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यांपुरत्याच बनवलेल्या.

आता मिनोल्टाची ५० एफ १.७ बघतोय. एक जुनी आहे, एक नंतरची, रुंद रबरी कड्याची. ऑटोफोकसमध्ये फरक पडेल का? मोटरने झूम होणारी एक एक्सआय लेन्सही स्वस्तात मिळतेय, ती चालेल का? आणि मखराच्या आडव्या पट्टीवर धरला की फोकस नुसता पुढेमागे फिरत राहतो. हा बिघाड आहे का?

प्रतिसाद :
बिघाड नाही. ७००० ला फोकसचा एकच सेन्सर आहे, मधोमध, आडव्या रेषेसारखा. त्याला उभी कड लागते. समईच्या दांड्यावर धरा, बटण अर्धं दाबून ठेवा, मग फ्रेम जुळवा. नाहीतर कॅमेराच उभा करा.

१.७ दोन्हींपैकी जिची काच स्वच्छ आणि आतली, प्रकाश कमीजास्त करणारी पाती कोरडी (तेल न लागलेली), ती घ्या. दोन्ही बॉडीच्या मोटरवरच चालतात. एफ ४ च्या साडेपाच पट प्रकाश मिळेल, म्हणजे १/१५ च्या जागी साधारण १/८०. पण दीड मीटरवरून पूर्ण उघड्या लेन्सने काढलंत तर जेमतेम ९ सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येईल. तेव्हा फोकस काकांच्या डोळ्यांवरच ठेवा.

एक्सआय नको. तिच्या झूमला बॉडीतून वीज लागते, ती देणारे जोड ७००० ला नाहीत. कुठलीही लेन्स घेण्याआधी तिच्या माउंटचा फोटो मागा. मागच्या धातूच्या कड्यात स्क्रूच्या डोक्यावर असते तशी खाच दिसली तरच ऑटोफोकस चालेल.

धागाकर्ता :
आत्ताच दोन्ही लेन्स उलट्या करून पाहिल्या. ३५-७० ला खाच आहे, एसएएमला नाही. जुन्या १.७ वाल्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागितलाय. आला की इथे टाकतो, नजर टाका प्लीज.